गोरी मुसळी

काटकुंभच्या बाजारात मी तेव्हा काट्यावर बसायचो.
परतवाड्याच्या शेठचा माणूस, वय बावीस,
बी.एस्सी. वनस्पतिशास्त्र, सेकंड क्लास.
खिशात घडी घातलेला तक्ता :
रंग, लांबी, जाडी, ओलावा.

सुगाय धांडेकर आल्या आल्या पोतं उतरवायची नाही.
आधी सागाच्या पानावर
दहा मुळ्या मांडायची माझ्यासमोर
आणि बिडी पेटवायची.
"पाय लेका. याच्यात एक जंगलची नाही. काढ."

मी काढायचो ती वाकडी, मळकट,
कमरेत चेपलेली.
ती हसायची. समोरचा एक दात नव्हता तिला.
"थे त खरी हाये. दगडाशी भांडली थे.
सरळ कोन वाढते?
ज्याले कोनी अडवत नाही, थे."
आणि बाजूची उचलून माझ्या तळहातावर ठेवायची :
गोरी, गुबगुबीत,
शेणखतावर पोसलेली, ठिबकचं पाणी प्यालेली.
तक्त्यातली अव्वल प्रत.

शतावरी पोटात दोरा लपवते, मोडली की लोंबतो.
मुसळी वाळली की काडकन तुटते
आणि आत काहीच नसतं,
नुसतं पांढरं.
"आता चाव."
आधी काही लागायचं नाही.
मग जीभ बुळबुळीत, मग टाळू,
तोंडात कोणी पेज ठेवून विसरून गेल्यासारखी.
"हे येते वाफ्यातलीलेही," ती म्हणायची, "पन लवकर येते.
जंगलची वाट पायाले लावते."

एका दिवाळीनंतर तिनं मला वर नेलं.
रान वाळलेलं. मुसळीचं पान तर कधीच गळून गेलेलं,
जमिनीवर खूण म्हणून एक काडीसुद्धा नाही.
ती सरळ चालत गेली एका मोहाच्या बुडाशी,
दोन बोटं डावीकडे सरकून
साबळ रोवली.
"कसं कळलं?"
"पावसात पायली होती न."
तशा तिला दीडशे ठाऊक होत्या.
कुणाला यंदा पाच पानं आली,
कुणाचं फूल सायाळीनं तुडवलं,
कुठली अजून लहान आहे, दोन वर्षं हात लावायचा नाही.
गड्डा वर आला तेव्हा
तिनं लांबलांब मुळ्या तेवढ्या खुडल्या,
डोळा असलेला माथा दोन मुळ्यांसकट
परत मातीत दाबला.
"बोटं घ्यायची. मनगट राहू द्यायचं."
मी तक्त्याच्या मागच्या बाजूला लिहून घेतलं.

तिसऱ्या वर्षी शेठनं टेम्पो पाठवला रात्री.
अकोटकडची बागायती मुसळी, चार पोती,
आणि एक पोतं लाल माती.
काय करायचं ते त्यानं फोनवर सांगितलं नाही,
नुसतं म्हणाला, तू शिकलेला आहेस.
मी कंदिलाशी बसून
गोऱ्या मुळ्या मातीत लोळवल्या,
काही अंगठ्यानं वाकवल्या सुद्धा,
ओल्या होत्या, वाकल्या.
सकाळी पोत्यांवर लिहिलं : जंगली.

सुगाय आली. ती पोती तिनं पाहिली.
वास घेतला नाही, चावली नाही.
एका पोत्यातून नऊ काढल्या
आणि दहावी कनवटीची, स्वतःची.
सागाचं पान. बिडी मात्र पेटवली नाही.
"पाय लेका. याच्यात जंगलची एकच हाये. काढ."

माझा हात थांबला नाही.
थांबायला हवा होता, पण तो गेला
थेट तिच्यावर, पहिल्याच खेपेला.

"शिकला," ती म्हणाली.

मग तिनं त्या एकीचेच पैसे मागितले.
पोतं डोक्यावरून उतरवलंच नव्हतं तिनं.
मी ती मुळी पारड्यात टाकली,
दुसरीकडे सगळ्यात लहान माप.
ती बघत उभी राहिली.
काटा हलेना.